म्हातारा पाऊस

मनू बाळा,

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज आला, "बाबा, आजी म्हणते आता म्हातारा पाऊस लागलाय, पाऊस म्हातारा कसा असेल? आणि तो गाढवावर बसून येतो हे खरंय का?" इकडे दुबईच्या मेट्रोत ऐकला आणि मग घरी येईपर्यंत चार-पाच वेळा ऐकला, कारण तुझ्या आवाजाच्या मागे आपल्या पडवीच्या पागोळ्या गळत होत्या. फोनवर दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण ते नीट झालं नसतं, म्हणून हे पत्र. आईकडून वाचून घे, अडलं तर आजी आहेच.

आपण संगमेश्वर स्टेशनला उतरलो ती रात्र आठवतेय ना? छत्री उघडली आणि वाऱ्याने उलटीच झाली, बॅग भिजली, तुझा एक सॅंडल पाण्यात वाहून चालला होता तो मी धावत जाऊन पकडला आणि तू हसत होतीस. तो तरणा पाऊस. तरणा म्हणजे तरुण, जोरात येतो, आडवातिडवा मारतो, आणि थोड्या वेळात दमून थांबतो पण. मला तेव्हा फार बरं वाटलं की तू हसलीस, कारण २०२४ च्या १६ एप्रिलला दुबईत तो मोठा पाऊस झाला, खाली गाड्या बुडाल्या, तेव्हा तू घाबरून माझ्या कुशीत बसून होतीस. अल ऐनकडे त्या दिवशी २५० मिलिमीटरच्या वर पडला आणि सगळा देश थांबला. आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस एखाद्या दिवसात पडून जातो आणि आजी फक्त म्हणते, वहाळाला पाणी आलं असेल, पलीकडे जाऊ नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा आपला रत्नागिरी जिल्हा आहे तो.

आता तरणा आणि म्हातारा कुठून आले ते सांगतो. आकाशात सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो असं आपले जुने लोक मानत आले, म्हणजे एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस. त्यातली मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रं पावसाची. ७-८ जूनला मृग लागतो, त्याला आपल्याकडे मिरग म्हणतात, मग आर्द्रा, मग जुलैच्या सुरुवातीला पुनर्वसू, तो तरणा, आणि २० जुलैच्या आसपास पुष्य लागतं, तो म्हातारा. शेतकऱ्याला ५ जुलै आणि २० जुलै लक्षात ठेवून काय करायचंय, त्याला पाऊस कसा वागतो ते लक्षात ठेवायचं असतं, म्हणून घरातल्या माणसाला हाक मारावी तशी नावं. ऑगस्टच्या मध्यावर मघा लागतात तो सासूचा पाऊस आणि त्याच्या मागून पूर्वा, तो सुनेचा. हे आजीसमोर आईला सांगून बघ, दोघी काय म्हणतात ते मला कळव.

म्हातारा कसा ओळखायचा तर तो बसतो. वारा नाही, गडगडाट नाही, नुसता एका लयीत पडत राहतो, सकाळी उठलं तरी तोच, दुपारी जेवून आडवं झालं तरी तोच. कपडे वाळत नाहीत, आजी चुलीच्या वैलावर दोरी बांधून त्यावर टाकते आणि मग तुझ्या फ्रॉकला धुराचा वास येतो, (तू त्या दिवशी नाक मुरडलंस, पण मला तो वास इतका आवडतो की इकडे येताना माझा एक टॉवेल मी मुद्दाम न धुता आणलाय). लावणी आटपत आलेली असते, तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावून शेतात उभा राहिलेला असतो, त्याला आता झोडपणारं पाणी नको, बसून हळूहळू मुरणारं पाणी हवं. ते काम म्हाताऱ्याचं. माझ्या लहानपणी बायका इरलं डोक्यावरून पाठीवर घेऊन वाकून लावणी करायच्या, त्या इरल्याच्या पानांवर पावसाचा आवाज वेगळाच यायचा, आता प्लॅस्टिकचा कागद घेतात, तो आवाज गेला.

एक गोष्ट तुला बघायला सांगतो. पडवीच्या कडेला, जिथे पागोळ्या पडतात, तिथे खाली अंगणात बघ. ओळीने छोटे छोटे खळगे पडलेले दिसतील, कौलाच्या प्रत्येक पन्हळीखाली एक. प्रत्येकात बारीक खडी धुऊन स्वच्छ झालेली असते, माती निघून गेलेली, आणि थेंब पडला की मधे पाण्याचा एक टोपीसारखा बुडबुडा उठतो आणि फुटतो. तरण्या पावसात पागोळ्या वाऱ्याने हलतात, खळगा चुकतो. म्हाताऱ्या पावसात एकही थेंब चुकत नाही. मी तुझ्याएवढा असताना तिथे बसून मोजायचो, आबा मागून यायचे आणि काही न बोलता माझ्या डोक्यावर टॉवेल टाकून जायचे.

गाढवाचं म्हणशील तर ते आबांचं खातं होतं. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र त्याच्यापासून कितव्या नक्षत्रात आहे ते मोजतात, त्याला नऊने भागतात आणि जी बाकी उरेल त्यावरून त्या नक्षत्राच्या पावसाचं वाहन ठरतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती, अशी नऊ. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर, कोल्हा आला तर लोकांची तोंडं उतरायची. मिरगाच्या दिवशी आबा पंचांग काढून सगळी वाहनं मोठ्याने वाचायचे, शेजारची माणसं ओटीवर येऊन ऐकायची. बेडूक निघाला म्हणून ढग येत नाहीत बाळा, ते गणित आहे, हवामानाचा अंदाज नाही, आणि आबांनाही ते माहीत होतं. वाचून झालं की ते पंचांग मिटून अंगणात जायचे आणि बराच वेळ वर बघत उभे राहायचे. पण त्या वाचनाने सगळे एकत्र यायचे, कोणाचं बी कमी आहे, कोणाचा बैल आजारी आहे ते तिथेच कळायचं. ते गेल्यापासून आजी वाचते, चष्मा लावून, एकटीच. यंदा तू तिच्याजवळ बसून एकदा सगळी वाचून घे ना, पंचांग देवघराच्या फळीवर आहे.

आणि तू दरवर्षी विचारतेस ना की इथे मंडळाच्या भोंडल्यात मधे हत्तीच का ठेवतात, तो याच पावसाचा हत्ती. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात येतो, हस्ताला लोक हत्ती म्हणतात, जाता जाता गडगडून पडणारा पाऊस. दुबईत तेव्हा ढगही नसतो, तरी आपण पुठ्ठ्याच्या हत्तीभोवती फेर धरतो.

मघांची एक म्हण आहे, आबांची आवडती, आजीपुढे मोठ्याने म्हणू नको: पडल्या मघा तर चुलीपुढं हगा, नाही पडल्या तर ढगाकडे बघा. म्हणजे इतका पाऊस की घराबाहेर पाऊलही टाकता येत नाही. तुमचं विमान २० ऑगस्टचं, तेव्हा मघांचे तीन-चार दिवस तुला मिळतील. पडल्या तर मला रेकॉर्ड करून पाठव, फोन पडवीच्या आतल्या खांबाला टेकवून ठेव, भिजवू नको. आणि पाच मिनिटं तरी कोणी मधे बोलू नका.

तुझा,
बाबा