मित्राला मालिकेची ओळख करून द्यायची तर कुठला एपिसोड दाखवावा?

तुमचा मित्र एकच एपिसोड बघायला तयार झालाय, आणि पहिला लावावा की तुमचा सगळ्यांत आवडता, हे तुमचं ठरत नाहीये. माझं स्पष्ट मत आहे की आवडता लावू नका.

मी लावला होता. 'ब्रेकिंग बॅड'मधला २०१३ सालचा 'ओझिमँडियस'. टीव्हीवर याहून चांगला तास मी आजवर पाहिलेला नाही. मैत्रिणीने तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "अभिनय छान आहे." एवढंच. तो मालिकेचा ६०वा भाग आहे. माझ्या पोटात गोळा येत होता तो आधीच्या ५९ भागांमुळे, आणि तिने त्यातला एकही पाहिलेला नव्हता. अशी सलग कथा असेल तर पहिल्या भागाला पर्याय नाही. 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला भाग तसा भक्कमही आहे: रसायनशास्त्राचा शिक्षक, पन्नाशी, कॅन्सरचं निदान, आणि ड्रग्ज बनवण्याचा त्याने घेतलेला निर्णय. सगळं तासाभरात कळतं.

खरी निवड करावी लागते ती दर भागात नवी गोष्ट सांगणाऱ्या मालिकांमध्ये. तिथे मी एकच बघतो. या भागात कुणी नवखं माणूस आहे का? त्याला सगळं समजावून सांगितलं जातं, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या मित्रालाही.

'डॉक्टर हू' ही डॉक्टर नावाच्या, काळातून फिरणाऱ्या परग्रहवासीची मालिका. तिच्यासाठी बहुतेक जण २००७ चा 'ब्लिंक' सुचवतात. भाग अप्रतिम आहे. नजर हटली की हलणारे देवदूतांचे पुतळे आणि त्यांच्या तावडीत सापडलेली, डॉक्टरबद्दल काहीही माहिती नसलेली सॅली स्पॅरो. नवखं माणूस आहे, तरी मी तो पहिला दाखवणार नाही. डॉक्टर त्यात अगदी थोडा वेळ दिसतो, तोही बराचसा रेकॉर्डिंगमध्ये. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भातातलं हवं ना! मित्राचा जीव सॅलीवर जडेल आणि पुढच्या भागांत ती नसेलच. त्यापेक्षा २०१० चा 'दि इलेव्हन्थ अवर' लावा. डॉक्टरचा चेहरा नुकताच बदललाय (मरायची वेळ आली की तो नवं शरीर घेतो), त्याचं यान एका लहान मुलीच्या बागेत येऊन आदळतं, तिच्या खोलीच्या भिंतीला एक विचित्र भेग आहे. तुमचा मित्र जे प्रश्न विचारेल, तेच ती पोरगी विचारते. भीती, गंमत, पळापळ, सगळं मालिकेच्या नेहमीच्या प्रमाणात आहे.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मध्ये हेच काम १९८९ चा 'द मेझर ऑफ अ मॅन' करतो. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलाची, मालमत्ता आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर सुनावणी होते. तो कोण, कसा, हे सुनावणीतच मांडावं लागतं, त्यामुळे आधीचं काही माहीत नसलं तरी अडत नाही.

विनोदी मालिकांचे पहिले भाग मात्र मी सहसा टाळतो, कारण पात्रं अजून रुळलेली नसतात. अमेरिकन 'द ऑफिस'चा पहिला भाग तर ब्रिटिश मूळ मालिकेच्या पहिल्या भागावरूनच बेतलेला होता. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, 'द डंडीज', लावा. तंत्रज्ञानाची काळी बाजू दाखवणाऱ्या 'ब्लॅक मिरर'मध्ये 'सॅन जुनिपेरो' माझा लाडका, पण तो मालिकेच्या मानाने फार हळवा आहे. सगळे एकमेकांना गुण देत फिरतात तो 'नोजडाइव्ह' दाखवा.

आणि एकदा लावलात की मध्ये थांबवून समजावू नका, "आता बघ हं" म्हणू नका. मी हे करायचो. समोरच्याचं लक्ष पडद्यावरून उडून माझ्याकडे यायचं. मित्राने "पुढे काय?" विचारलं तर लगेच लावायला दुसरा भाग ठरवून ठेवा. नाही विचारलं, तर त्या दिवशी तो विषय तुम्हीही काढू नका.