प्रशासकीय खर्च मागायचा कसा?

प्रश्न : देणगीदार आमच्या संस्थेला प्रकल्पासाठी पैसे देतात, पण लेखापाल, भाडे, लेखापरीक्षण यांसाठी १० टक्क्यांवर देत नाहीत. प्रत्यक्षात खर्च जास्त होतो. काय करावे?

उत्तर : आधी '१० टक्के कशाचे?' हे लेखी विचारून घ्या. १०० च्या अनुदानात एकूण रकमेवर धरले तर १० मिळतात, थेट खर्चावर, म्हणजे खुद्द प्रकल्पाच्या कामावरच्या खर्चावर, धरले तर ९.०९ (९०.९१ चे १० टक्के). इथेच अनेक अंदाजपत्रके फसतात.

मग सगळे काही 'प्रशासकीय' खात्यात ढकलणे थांबवा. लेखापाल आठवड्याच्या ४० तासांपैकी १० तास याच प्रकल्पाची बिले तपासत असेल, तर त्याचा २५ टक्के पगार हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे. भाडे वापरातल्या जागेच्या प्रमाणात वाटा. मात्र कामाच्या तासांची नोंद रोजच्या रोज हवी; वर्षाअखेरीस आठवून भरलेली नोंद लेखापरीक्षक नाकारतो, आणि ते योग्यच आहे. एकच खर्च दोघा देणगीदारांकडे कधीही दाखवू नका.

उरलेल्या सामायिक, म्हणजे कोणत्याही एका प्रकल्पावर न टाकता येणाऱ्या, खर्चाला एकूण थेट खर्चाने भागा. तो तुमचा खरा दर. मागच्या वर्षाच्या लेखापरीक्षित जमाखर्चावरून काढून प्रस्तावाला जोडा. अमेरिकेच्या संघीय अनुदानांतही, सरकारकडून स्वतःचा असा दर ठरवून न घेतलेल्या संस्थांसाठीची १० टक्क्यांची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्के झाली आहे. तरीही नकार आला, तर खर्च लपवू नका, कामाचा आवाका कमी करून मागा.