सावली पुढं का पडते

*मावशी, माझं वय ३४. जांबोटी रस्त्यावरच्या एका खेड्यात राहते. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा चोर्ला घाट चढून घरी येतो. मी बेळगावात खडे बाजारात कापडाच्या दुकानात काम करते. १२ वर्षांत रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवली नाही. रोज रोजारीची जपमाळ, बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना. पण आत सगळं कोरडं. रिट्रीटला, म्हणजे चर्चच्या प्रार्थना शिबिराला, शेजारच्या बायका ढसाढसा रडतात, प्रभूनं स्पर्श केला म्हणतात. मला काही होत नाही. फादर म्हणतात, देवाचं प्रेम रोजच्या जगण्यात शोध. माझ्या रोजच्यात आहे काय? दुकान, बस आणि अंधार. बस फाट्यावर कधी पावणेनऊला सोडते, कधी पावणेदहाला. तिथून घर २० मिनिटं, वाटेत एक दिवा नाही. नवऱ्याचे वडील बॅटरी घेऊन येतात, पण मागून चालतात, त्यामुळं माझीच सावली पुढं पडते आणि खड्डे दिसत नाहीत. त्यांच्याशी मी बोलत नाही. त्यांच्या दारूपायी दोन एकर गेले, ह्यांची शाळा सुटली. आता सोडली आहे म्हणे. मावशी, देवाचं माझ्यावर प्रेम आहे हे मला कळायचं कसं?*

बाई, रिट्रीटचं आणि नोव्हेनाचं तू पानभर लिहिलंस. त्यावर मला फारसं बोलायचं नाही. डोळ्यांत पाणी येणं हा ज्याच्या त्याच्या पिंडाचा भाग. मी अडकले ती सावलीच्या ओळीवर. ती तू तक्रार म्हणून लिहिलीस आणि पुढं गेलीस. मला काही पुढं जाता येईना.

बस पावणेनऊला येते किंवा पावणेदहाला, असं तूच लिहितेस. म्हणजे तो माणूस साडेआठला फाट्यावर हजर असतो. बस उशिरा आली की तासभर तिथं उभा. भीमगडच्या जंगलालगतचा भाग तो, अस्वलाच्या भीतीनं माणसं दिवसाही एकटी जात नाहीत. आणि जुलैत कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कसा कोसळतो ते मी तुला सांगायची गरज नाही. ती बॅटरी रोज आठवणीनं चार्जिंगला कोण लावतं? तू नाहीस. तुझा नवरा गोव्यात. हे सगळं तुझ्या पत्रात अर्ध्या ओळीत आलंय, तेही खड्डे दिसत नाहीत म्हणून.

आणखी एक. 'नवऱ्याचे वडील' असं लिहिलंस तू. इतकी वर्षं एका छपराखाली काढून 'सासरे' हा शब्द तुझ्या पेनातून उतरला नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला तू शेकडो वेळा ऐकला असशील. वाटणीचा पैसा उधळून परतलेल्या धाकट्या मुलापाशीच आपण सगळे तो ऐकतो आणि बापानं त्याला मिठी मारली की थांबतो. पंधरावा अध्याय आज शेवटपर्यंत वाच. थोरला मुलगा शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो आणि दारातच अडून बसतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तेव्हा तो म्हणतो, इतकी वर्षं मी राबलो, तुझा शब्द मोडला नाही, पण मला तू साधं करडूसुद्धा दिलं नाहीस. आणि हा तुझा मुलगा... 'माझा भाऊ' म्हणत नाही तो. 'तुझा मुलगा' म्हणतो. कळलं ना, मी कुठं बोट ठेवतेय? १२ वर्षं मिस्सा चुकवली नाही आणि मला काहीच मिळालं नाही, हे तुझं करडू आहे.

मला राग येतो तो एवढ्यासाठीच, की तुझ्या घरातला उधळ्या म्हातारा झाला, सुधारला, आणि आता तोच रस्त्यावर वाट बघत उभा आहे. त्या दाखल्यातला बाप झालाय तो. तू शोधतेस ते प्रेम रोज रात्री तुझ्या मागं वीस मिनिटं चालतं, आणि तू पाठ फिरवून रोजारीचे मणी ओढतेस.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा, जिला आपण लिटल फ्लॉवर म्हणतो, ती क्षयानं १८९७ साली गेली तेव्हा अवघी २४ वर्षांची होती. शेवटचं दीड वर्ष तिलाही आत अंधारच होता, तेव्हा कोरडेपणाची लाज तू बाळगू नकोस. तिच्या मठात एक पांगळी, किरकिरी म्हातारी सिस्टर होती. संध्याकाळी तिला चॅपेलातून जेवणाच्या खोलीत धरून न्यावं लागे. भरभर चाललं तर म्हणे, मी पडेन. सावकाश चाललं तर म्हणे, तुझा हातच लागत नाही, सोडलंस मला. तेरेजानं ते काम आपणहून मागून घेतलं. पुढं तिच्या ध्यानात आलं की म्हातारीला पावही कापता येत नाही, मग तोही कापून देऊ लागली. एका हिवाळी संध्याकाळी त्याच वाटेवर लांबून वाद्यांचा आवाज आला. दिव्यांनी झगमगणारा दिवाणखाना, नटलेल्या मुली तिच्या डोळ्यांपुढं आल्या. समोर मात्र अंधारा विटांचा मठ आणि हाताला कण्हणारी म्हातारी. त्या दहा मिनिटांच्या बदल्यात हजार वर्षांचं सुख दिलं तरी मी घेणार नाही, असं तिनं लिहून ठेवलंय. देव तिला त्या चालण्यात भेटला.

दोन एकर गेले ते गेलेच. नवऱ्याची शाळा सुटली ती परत भरणार नाही. तो हिशेब मिटव असं मी सांगत नाही. क्षमेचं तू आणि फादर बघा, आणि त्याला वेळ लागला तर लागू दे.

मी एकच सांगते, आणि ते आज रात्रीच करायचंय. सावली पुढं पडते, कारण तू पुढं चालतेस. आज बसमधून उतरलीस की फाट्यावर थांब. ते मागं राहतील, त्यांना सवय झालीय. 'मामा, चला' म्हण आणि त्यांच्या बरोबरीनं पाऊल टाक. बोलायला सुचलं नाही तर बोलू नकोस. त्यांचा गुडघा दुखत असेल, तर २० मिनिटांची वाट अर्ध्या तासाची होईल, होऊ दे.

आणि पाऊस असला तर छत्री एकच उघड. ती तू धर. बॅटरी त्यांच्या हातात असू दे.