फोन वाचून दाखवतो, तरी ब्रेल शिकवावी का?

सातवीत शिकणाऱ्या आपल्या भाच्याची दृष्टी जवळजवळ गेली आहे, फोन त्याला सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल शिकवण्याची गरज आहे का आणि अभ्यास सोडून त्याने मन कशात रमवावे, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात दृष्टिबाधित मुलांना शिकवतो. फोन राहू द्यावा, पण ब्रेल शिकवावीच, असे माझे ठाम मत आहे.

फोनमधील टॉकबॅक आणि संगणकावरील एनव्हीडीए हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधने, मोफत आहेत व मराठी वाचतात. इतिहासाचा धडा ऐकून संपवायला ती उत्तमच. परंतु 'दिन' आणि 'दीन' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात, आणि जे मूल वर्षानुवर्षे केवळ ऐकते, त्याचे शुद्धलेखन हळूहळू हातातून निसटते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, प्रत्येक खूण सहा उठावदार टिंबांच्या चौकटीतून बनते. तिच्यात ऱ्हस्व इ दुसऱ्या व चौथ्या टिंबाची, तर दीर्घ ई तिसऱ्या व पाचव्या टिंबाची असते; बोटाखाली हा फरक लगेच कळतो. गणितातील अपूर्णांक ऐकून सोडवणे तर फारच कठीण.

आणखी एक अडचण लवकरच येईल. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये तयार केलेल्या मराठी पीडीएफमध्ये दिसायला देवनागरी असली, तरी आत रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक काहीतरी बडबडतो आणि मुलाला वाटते की आपल्यालाच फोन वापरता येत नाही. अशा वेळी त्या पानाचे चित्र करून गूगल ड्राइव्हमध्ये गूगल डॉक्स म्हणून उघडावे, म्हणजे स्क्रीन रीडरला नीट वाचता येईल असा युनिकोड मजकूर मिळतो; तो डोळस माणसाने एकदा तपासून द्यावा, कारण जोडाक्षरे आणि तक्ते हमखास बिघडतात.

ब्रेल शिकवणी, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांना साधने मिळवून देणारी सरकारी एडिप योजना यांची चौकशी नागपुरातील केंद्र सरकारच्या समेकित क्षेत्रीय केंद्रात, म्हणजे सीआरसीमध्ये करावी. फोनवरचा मजकूर बोटाखाली ब्रेलमध्ये उमटवणारा महागडा ब्रेल डिस्प्ले आताच घेऊ नये. आधी ब्रेलची टिंबे कागदावर टोचण्याच्या पाटी व कलमावर हात बसू द्यावा.

करमणुकीसाठी मी बुद्धिबळ सुचवेन. बुद्धिबळपटू दिव्या देशमुखच्या नागपुरात शिकवणाऱ्यांची वानवा नाही. दृष्टिबाधितांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते व सोंगट्यांना खाली खुंटी असते. काळ्या-पांढऱ्यांपैकी एका रंगाच्या सोंगट्यांवर ओळखीसाठी खूण असते. सोंगटी भोकातून बाहेर काढली तरच तिला 'हात लावला' असे नियमानुसार मानतात, म्हणून खेळाडू सगळा पट बोटांनी निर्धास्त चाचपू शकतो. समोरचा डोळस खेळाडू आपल्या साध्या पटावर खेळतो आणि दोघेही चाली मोठ्याने सांगतात. त्यामुळे भाच्याला वेगळा गट शोधण्याची गरज नाही. घराजवळच्या नेहमीच्या वर्गातच त्याचे नाव घालावे आणि पट सोबत द्यावा.