बर्फाविना दहा महिने

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेहहून परतल्यापासून तुझं कशातच मन लागत नाही, हे तू लिहिलं नसतंस तरी अक्षरावरून कळलं असतं. पहाटेच्या थंडीत ब्लेडखाली करकरणारा बर्फ कुठे आणि जूनच्या उकाड्यात तापलेला आपला सिमेंटचा रिंक कुठे! “ताई, बर्फच नाही तर मी आइस स्केटर कसली?” असं विचारलंयस. आणि त्याच पत्राच्या शेवटी सगळं ठरवूनही टाकलंयस: कॉलेजला एक वर्ष गॅप, सातही दिवस सराव, मैत्रिणी बंद, गाणं बंद.

तुझी जिद्द मला ठाऊक आहे. म्हणूनच आज जरा सविस्तर लिहिते.

आधी बर्फाचं. आपल्याकडे लेहला नैसर्गिक बर्फ मिळतो तो हिवाळ्यातले जेमतेम दोन महिने. उरलेले दहा महिने तू चाकांवर असतेस आणि त्याची तुला लाज वाटते. त्या लाजेला काही आधार नाही. फ्लोरिडातलं ओकाला हे गाव आपल्या कोकणासारखंच दमट, तिथे बर्फ पडत नाही. त्या एका गावातून, एकाच प्रशिक्षिकेच्या हाताखालून, ब्रिटनी बो, जोई मॅन्शिया आणि एरिन जॅक्सन असे तीन स्केटर ऑलिंपिकला गेले. तिघंही इनलाइनवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर, वाढलेले. एरिनने बर्फावरचा सराव मनावर घेतला तो 2017 मध्ये, 2018 च्या ऑलिंपिकला जेमतेम काही महिने उरले असताना. आणि 2022 मध्ये बीजिंगला तिने स्पीड स्केटिंगमध्ये 500 मीटरचं सुवर्ण जिंकलं. बेल्जियमचा बार्ट स्विंग्ससुद्धा मूळचा इनलाइनचाच. त्याच बीजिंगमध्ये त्याने मास स्टार्टचं, म्हणजे सगळे एकदम सुटतात त्या शर्यतीचं, सुवर्ण घेतलं, तेव्हा बेल्जियमला हिवाळी ऑलिंपिकमध्ये 1948 नंतर पहिल्यांदा सुवर्ण मिळालं. यातल्या कुणालाही चाकांनी अडवलं नाही.

एरिनबद्दल आणखी एक सांगते, कारण तू कॉलेज सोडायला निघाली आहेस. ती मटेरियल सायन्सची इंजिनीअर आहे, फ्लोरिडा विद्यापीठातून चांगल्या गुणांनी पदवी घेतलेली.

आपल्या देशातला शिवा केशवन तर तुला माहीतच आहे. मनालीजवळच्या वशिष्ठचा. ल्यूजचा, म्हणजे स्लेजवर उताणं झोपून बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा, ट्रॅक भारतात नाही, म्हणून या माणसाने स्लेजला चाकं लावली आणि हिमालयातल्या घाटरस्त्यांवरून उताणा झोपून खाली येत राहिला, वाटेत ट्रक आणि मेंढ्यांचे कळप चुकवत. 1998 ला नागानोत गेला तेव्हा वय 16, आणि 2018 पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. तो प्रकार तू चुकूनही करायचा नाहीस, सिंहगडाच्या उतारावर तर नाहीच नाही. पण वीस वर्षं एवढी उमेद माणूस आणतो कुठून, याचा मी खूप विचार केलाय. त्याच्या हिवाळ्यातले निकाल काही दरवेळी डोळे दिपवणारे नव्हते. मला वाटतं, तो रस्ता, तो वारा, स्लेजची जोडणी-मोडणी हेच त्याला मनापासून आवडत असणार. नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांतच माणूस घरी बसला असता.

आता मुद्द्यावर येते. तुझं सात दिवसांचं वेळापत्रक.

स्वीडनच्या निल्स व्हॅन डर पोलचं नाव तू ऐकलं असशील. 2022 मध्ये बीजिंगला त्याने स्पीड स्केटिंगमध्ये 5,000 आणि 10,000 मीटर अशी दोन्ही सुवर्णं जिंकली. 10,000 मध्ये 12 मिनिटं 30.74 सेकंदांचा विश्वविक्रम केला. 25 फेऱ्या, म्हणजे एकेक फेरी सरासरी 30 सेकंदांत. चारशे मीटरच्या 25 फेऱ्या त्याच एका लयीत कशा जात असतील, डोळे मिटून जरा कल्पना कर. दुसरा आला तो 13 सेकंदांहून अधिक मागे होता. आणि मग या माणसाने, स्पर्धा संपल्या संपल्या, आपलं सगळं प्रशिक्षण लिहून काढून जगाला फुकट देऊन टाकलं. प्रतिस्पर्ध्यांसकट सगळ्यांना.

त्यात उन्हाळ्याचं काय आहे ते बघ. उन्हाळ्यात तो बर्फाच्या वाटेला जात नव्हता. सायकल, सायकल आणि सायकल. आठवड्याला 30 तासांच्या वर, काही वेळा एका दिवसात सात तास. वेग नाही, स्टॉपवॉच नाही, नुसता दमसास. वेगाचं काम पुढे, हंगाम जवळ आला की. पण हे सगळं आठवड्याचे पाच दिवस. शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी. हलका सराव नाही, ‘जरा पाय मोकळे करून येतो’ नाही, काहीच नाही. त्या दोन दिवसांत तो मित्रांबरोबर असायचा, इतर माणसं जगतात तसा जगायचा. आणि हे तो आळसाने करत नव्हता. विचारपूर्वक करत होता, कारण खेळाबाहेर आपल्याला काही आयुष्यच उरलं नाही तर एक वाईट शर्यत माणसाला मोडून टाकते, हे त्याला उमगलं होतं. 2018 च्या ऑलिंपिकमध्ये तो 5,000 मीटरला चौदावा आला होता. त्यानंतर तो खेळातून बाहेरच पडला, सैन्यात दाखल झाला, आर्क्टिकच्या थंडीत रेंजर म्हणून राहिला. मग परत आला, तो जिंकायला.

बीजिंगमधलं एक पदक तर त्याने पुढे देऊनही टाकलं. चीनमध्ये तुरुंगात असलेल्या गुई मिनहाई या स्वीडिश प्रकाशकाच्या मुलीच्या हातात ठेवलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. ज्याच्यासाठी आपण रक्त आटवतो ते इतक्या सहज दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवता येतं, तर इतकी वर्षं तो कशासाठी पेडल मारत होता? तुला विचारते आहे, कारण मला तुझं उत्तर हवंय.

तू म्हणशील, त्याचं काय, तो स्वीडनचा, त्याच्याकडे सगळं आहे. म्हणून माझ्या अंगणातलंही सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. पाय असे की वळणावर बघत राहावं. मी त्याला सातही दिवस बोलवायचे. पावसाळ्यात रिंक ओला असला की पार्किंगमध्ये, दिवाळीतसुद्धा. त्याचे आई-वडील माझ्यावर विश्वासून होते आणि मला वाटायचं, मी त्याच्यासाठी जीव ओततेय. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या नडगीचं हाड दुखायला लागलं. मी त्याला बर्फ लावून परत उभं केलं. शेवटी डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर आहे म्हणून सांगितलं आणि तीन महिने घरी बसवलं. हाड जुळलं. तो मात्र परत आला नाही. त्याच्या आईने स्केट्स आणून दिले तेव्हा म्हणाली, “त्याला आता चाकांचा आवाजही नको वाटतो.” ते स्केट्स अजून माझ्या कपाटात आहेत. चूक माझी होती, आणि ती तुझ्या बाबतीत मी पुन्हा होऊ देणार नाही.

क्रॉस-कंट्री स्कीइंगवाल्यांचं, म्हणजे बर्फावरून स्कीवर लांब पल्ला कापणाऱ्यांचं बघ. नॉर्वेत उन्हाळ्यात डांबरी रस्त्यांवर रोलर स्की, म्हणजे चाकांच्या स्की, घातलेली माणसं दिसतात. मारिट ब्योर्गेन तिथली. ऑलिंपिकची 15 पदकं. ऐन भरात ती वर्षाला 900 तासांहून जास्त सराव करायची, आणि त्यातला दहातला जवळपास नऊ हिस्सा सावकाश. बोलता बोलता करता येईल इतका सावकाश. तू रोज रिंकवर धाप लागेपर्यंत पळतेस आणि घाम म्हणजेच सराव समजतेस. या पावसाळ्यात मला तुझा घाम नको, तुझे सावकाश तास हवे आहेत. सायकल काढ. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.

आणि स्लाइड बोर्ड. हे तुला घरात करता येईल, पाऊस असो नसो. सुताराकडून सनमायका मारलेला सहा-सात फुटी प्लाय करून घे, दोन्ही टोकांना लाकडी अडणी ठोकून, अडणीच्या आतल्या बाजूला जुना रबर. पायात जाड लोकरी मोजे. खाली बस, इतकी की मांडी जमिनीला जवळजवळ समांतर होईल, आणि एका अडणीवरून ढकलून दुसरीकडे घसरत जा. मोठ्या आरशासमोर कर. घसरताना नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. तुझं नाक नेहमी आत पडतं, डाव्या पायावर तर फारच. चाकांवर ते खपून जातं, कारण चाक रुंद असतं आणि तू पटकन दुसरा पाय टेकतेस. ब्लेड असतं मिलिमीटरभर जाडीचं, त्यावर एका पायावर लांब तरंगावं लागतं, तिथे ते खपत नाही. लेहला तिसऱ्या वळणावर तू पडलीस ती बर्फामुळे नाही, या नाकामुळे. एक मिनिट घसर, एक मिनिट थांब. दहा वेळा. पाय लटपटायला लागले की आकार बिघडतो, आणि बिघडलेला आकार शंभर वेळा केला की तोच अंगवळणी पडतो. तेव्हा थांबायचं.

वळणाच्या पट्ट्याचा सराव मी बुधवारी घेईन. कमरेला पट्टा, दुसरं टोक माझ्या हातात, तू आत झुकून क्रॉसओव्हर करायचे, म्हणजे एका पायावरून दुसरा पाय पुढे टाकायचा. शॉर्ट ट्रॅकला, म्हणजे छोट्या रिंकवरच्या बर्फाच्या शर्यतीत, वळायचं फक्त डावीकडे, त्यामुळे आपण डावीकडेच जास्त करू. पण उजवीकडेही थोडं, कमरेच्या तब्येतीसाठी.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण तुझ्या आईने मला सांगितली. रात्रीचं जेवण सोडलंयस म्हणे, वजन कमी असलं की वेग वाढतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून. त्या कुणीतरीचं अजिबात ऐकू नकोस. अमेरिकेची जेसी डिगिन्स, जिने 2018 मध्ये किकन रँडलबरोबर अमेरिकेला क्रॉस-कंट्रीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, तिला कोवळ्या वयात खाण्याच्या विकाराने ग्रासलं होतं. तिने उपचार घेतले, बरी झाली आणि पुढे उघडपणे त्याबद्दल बोलत राहिली, तुझ्यासारख्या मुलींसाठीच. ऑफ-सीझनमध्ये हे जास्त घडतं. स्पर्धा नसते, आकडा हवा असतो, मग वजनकाट्याचा आकडा हाती लागतो. पाळी चुकायला लागली असेल तर मला किंवा आईला लगेच सांग, आपण डॉक्टरांकडे जाऊ. यात लाजण्यासारखं काही नाही. आजपासून भात, वरण, भाकरी, तूप, अंडी, सगळं. सायकलवरून आलीस की आधी खा, मग आंघोळ.

कॉलेजला गॅपसाठी दिलेला अर्ज मागे घे. गाण्याची शिकवणी चालू ठेव. सात दिवसांतले पाच माझे, दोन तुझे, आणि त्या दोन दिवसांत रिंकच्या बाजूलाही फिरकायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे तुला अपराधी वाटेल, बाकीच्या मुली पुढे चालल्यात असं वाटेल. वाटू दे.

आणि स्वतःला एक विचार. पुढच्या वर्षी निवड झालीच नाही, लेहला जायलाच मिळालं नाही, असं आज कुणी लिहून दिलं तरी उद्या सकाळी तू चाकं बांधशील का? उत्तर ‘नाही’ आलं तर घाबरू नकोस, मला येऊन सांग. आपण बसून बोलू. मी रागावणार नाही, आणि तुझं माझं नातं काही स्केट्सवर उभं नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर हा पावसाळा तुला जड जाणार नाही.

सोमवारी येताना चाकं काढून आण. परवा तुझ्या डाव्या स्केटचा आवाज ऐकला, खरखर येतेय, बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. पेट्रोलमध्ये धुऊन, नीट वाळवून तेल घालायला हवं, नाहीतर आठवड्याभरात गंजतील. चाकंही आलटून पालटून लावू, तुझी आतली बाजू फार झिजलीय. जुनं सुती फडकं आण, माझ्याकडची संपली आहेत.

तुझी,
ताई