गावाचा पाच वर्षांचा आराखडा: पैसा कुठून आणायचा, माहिती कुणापर्यंत पोचवायची? (प्रश्नोत्तरे)

प्रश्न: आमची पंचायत कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जंगलाकडेला आहे. पाच वर्षांचा आराखडा नीट करायचा आहे. मोजणी, नकाशा, वाडीवाडीवर बैठका, पत्रकं या सगळ्याला पैसा लागतो. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात, अंदाजपत्रकात असं खर्चाचं शीर्षच नाही. मग खर्च कशातून करायचा?

मुख्यतः स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीने स्वतः गोळा केलेल्या कर-शुल्कातून, आणि त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडून. शीर्ष नाही म्हणजे ते अजून कुणी घातलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अंदाजपत्रकाच्या बैठकीत 'आराखडा तयारी व लोकसहभाग' या नावाने ठराव करा आणि रक्कम आकड्यात लिहा.

वित्त आयोगाच्या निधीवर इथे विसंबू नका. पंधराव्या आयोगाने 2021-26 साठी दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित होता: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवणीला. उरलेला 40 टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातूनही चालत नव्हता. पत्रकं किंवा बैठका त्यात बसवल्या, तर हा आस्थापना खर्च आहे असा लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची भीती राहते. 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. त्यामुळे जुने टक्के नव्या आराखड्यात उतरवू नका, चालू परिपत्रक समोर ठेवूनच आकडे भरा.

खासदार-आमदार निधीतून टिकाऊ मालमत्ता उभी राहते. नियोजनाचा खर्च तिथे मागण्यात वेळ घालवू नका.

आता स्वनिधीचा हिशोब. समजा वर्षाला 12 लाख रुपये जमा होतात. घरपट्टीबरोबर गोळा होणारे आरोग्य, शिक्षण, ग्रंथालय आणि भिक्षुक उपकर यात धरू नका, ते पुढे भरायचे असतात. हीच चूक सगळ्यात जास्त होते, आणि वर्षअखेरीस पैसा होता कुठे असा प्रश्न पडतो. 12 लाखांतून अनुसूचित जाती-जमातींसाठी 25 टक्के (3 लाख) आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के (60 हजार) बाजूला काढा. राहिले 8 लाख 40 हजार. त्यातून कर्मचारी, पंपाचं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल, दुरुस्ती. एवढं भागवून एकूण जमेच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 36 हजार, नियोजनाला ठेवावेत असं आमचं मत आहे. रक्कम लहान दिसते, पण दरवर्षी ठेवली तर पाच वर्षांत 1 लाख 80 हजार होतात. एकदाच मोठी रक्कम काढून सल्लागाराकडून जाड वही करून घेण्यापेक्षा हे बरं.

तुमच्याकडची अडचण वेगळी आहे, हेही खरं. कर्नाटकात साधारण 5,000 ते 7,000 लोकसंख्येवर एक पंचायत असते. बेळगावसह डोंगराळ भागाच्या जिल्ह्यांत ती 2,500 लोकसंख्येवरही करता येते, आणि 400 लोकांमागे एक सदस्य. पंचायत लहान, वाड्या दूर-दूर, घरपट्टी बेताची. तिथे आधी कर आकारणीच तपासा. ई-स्वत्तूवर (पंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत) न चढलेल्या मालमत्ता, वाढीव बांधकाम, मोबाइल टॉवर, रिसॉर्ट. आराखड्याच्या पहिल्या वर्षातलं पहिलं काम म्हणून हीच तपासणी लिहा, पुढच्या चार वर्षांचा पैसा त्यातून निघतो.

सदस्यांच्या प्रशिक्षणावर मात्र स्वनिधी खर्च करू नका. म्हैसूरच्या अब्दुल नजीर साब संस्थेमार्फत सरकारी प्रशिक्षणं होतात. तालुका पंचायतीत ईओंकडे (कार्यकारी अधिकाऱ्यांकडे) लेखी मागणी करा.

प्रश्न: बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेक घरं मराठी. ग्रामसभेची नोटीस कन्नडमध्ये फळ्यावर लागते, पंधरावीस माणसं येतात. मराठी पत्रक काढलं तर त्याचं बिल पास होईल का?

होईल, पण कागद पूर्ण हवेत. पत्रक द्विभाषिक काढा: कन्नड मजकूर वर, मराठी खाली, दोन्हीकडे तेच आकडे. राज्याची राजभाषा कन्नड आहे, त्यामुळे फक्त मराठी पत्रकाच्या बिलावर आक्षेप यायला जागा राहते. द्विभाषिक पत्रकावर तशी राहत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेतही 15 टक्के किंवा जास्त लोकसंख्या असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं धोरण आहे. ठरावात त्याचा उल्लेख करा.

बिलाच्या फाइलमध्ये ठरावाची प्रत, दरपत्रकं, कार्यादेश, पत्रकाचा नमुना, बिल आणि गल्लीवार वाटपाची सह्यांची यादी लावा. 1,500 कुटुंबांना 1,600 प्रती पुरतात. वरच्या शंभर प्रती शाळा, अंगणवाडी, दूध डेअरी आणि बसथांब्यासाठी.

पत्रकात काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे. 'सर्वांगीण विकासासाठी बहुसंख्येने उपस्थित राहावे' असं लिहिलं तर कुणी येत नाही. असं लिहा: 'मारुती गल्ली, विहिरीपासून शाळेपर्यंत गटार, 180 मीटर, अंदाजे खर्च अमुक, निधी अमुक, वर्ष दुसरं.' स्वतःच्या दारासमोरच्या कामाची ओळ वाचली की माणूस येतो, भांडायला का होईना. मागच्या वर्षी मंजूर होऊन न झालेली कामंही त्याच पत्रकात, कारणासह, छापा. हे टाळायचा मोह होतो, पण विश्वास त्यावरच बसतो.

वेळेचंही पाहा. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून चालते, आणि आपल्याकडे थोड्याच दिवसांत सुगी लागते. दिवसा अकराला सभा घेतली की शेतावरचा माणूस येणार नाही. रोपलावणी संपल्यावर, गणपती विसर्जनानंतर, सुगी लागण्याआधी प्रत्येक गल्लीत संध्याकाळी बैठका उरका. ग्रामसभेत फक्त क्रम ठरवायचा. गणपूर्तीला मतदारांचा दहावा हिस्सा किंवा शंभर, यातली कमी संख्या लागते. पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

आणि तुमचा स्वतःचा अर्ज मराठीत देता येतो. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. मराठीत उत्तर मिळण्याची हमी त्यात नाही. म्हणून सर्व्हे नंबर, तारखा आणि रकमा ठळक लिहा, म्हणजे वाचणाऱ्याची चूक होणार नाही.

प्रश्न: आम्ही चिकोडी तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका. दरवर्षी मागण्या सांगतो, आराखड्यात येत नाहीत.

तोंडी सांगू नका. संजीवनी योजनेतल्या (राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या) गटांना गाव समृद्धी आराखडा करायचा असतो. तो पंचायत पातळीवरच्या महासंघाने एकत्र करून ग्रामसभेत मांडायचा आणि पंचायतीच्या आराखड्यात मिसळायचा असतो. ग्रामसभेच्या आधी तो पीडीओंकडे द्या, पोच घ्या आणि सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते तिथेच वाचून घ्या. आराखडा ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या केंद्रीय पोर्टलवर) एकदा चढला की त्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा पडत नाही. पुरवणी आराखड्याची वाट पाहावी लागते.

पाण्याबद्दलची जागृती करायची असेल तर जलजीवन मिशनमध्ये सहाय्यक कामांसाठी 5 टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. ती पंचायतीकडे नसते, जिल्हा पातळीवर मागावी लागते. गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, म्हणून मागणी समितीच्या ठरावाने करा.

प्रश्न: निपाणी भागात साखर कारखाने आहेत. त्यांच्या सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) आराखड्याचा खर्च मिळेल?

आधी कारखाना कंपनी आहे की सहकारी संस्था, ते पाहा. सीएसआरची सक्ती 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने आहे. ती ठरावीक निव्वळ मूल्य, उलाढाल किंवा 5 कोटी नफा असलेल्या कंपन्यांना लागू होते. सहकारी कारखान्याला ती लागू नाही. तिथे संचालक मंडळाकडे देणगी म्हणून मागावं लागेल. कंपनी असेल तर 'आराखड्यासाठी मदत' असं मागू नका. ठरलेलं काम, जागा, खर्च आणि पूर्ण होण्याची तारीख लिहून द्या.

प्रश्न: आमचं गाव बेळगाव शहराला लागून आहे. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) महायोजना आराखडा येतोय म्हणतात. पंचायतीच्या आराखड्याचं मग काय?

दोन्ही वेगळे. महायोजना 1961 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली जमिनीचा वापर ठरवते: कुठे निवासी, कुठे शेती, कुठून रस्ता. पंचायतीचा आराखडा कामं आणि पैसा ठरवतो. पण स्मशानभूमी किंवा कचरा प्रकल्पाची जागा तुम्ही ठरवली आणि महायोजनेत तिथून रस्ता गेला, तर तुमचा पैसा वाया जातो. महायोजना प्रसिद्ध झाल्यावर लेखी म्हणणं मांडायला 60 दिवस मिळतात. दर दहा वर्षांतून एकदा तरी ती सुधारायची असते, म्हणजे एक संधी गेली की पुढची लांबते.

वरच्या पातळीवर कुणी आपली बाजू मांडेल, असं धरून चालू नका. जिल्हा नियोजन समितीतले पाचपैकी चार भाग सदस्य निवडून आलेल्या जिल्हा पंचायत आणि नगरपालिकांमधून यायला हवेत. पण जिल्हा पंचायतीची मुदत 2021 मध्ये संपल्यावर निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत. म्हणून पंचायतीने आतापासूनच गावठाण, विहिरी, तळी, स्मशान, गायरान आणि वहिवाटीचे रस्ते सर्व्हे नंबरांसह एका नकाशावर उतरवून ठरावाने मंजूर करून ठेवावेत. 60 दिवसांत हा नकाशा, ठराव आणि शेतकऱ्यांचे वेगवेगळे अर्ज बुडाच्या कार्यालयात द्या. शंभर सह्यांच्या एका अर्जापेक्षा आपापल्या सर्व्हे नंबरचे स्वतंत्र अर्ज जास्त उपयोगी पडतात, कारण नकाशावर ते जागेनिशी तपासता येतात. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.