वाहन-सल्ला : टाकीत ओतायच्या बाटलीने काय साधते?

प्रश्न : माझी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक ८५ हजार किलोमीटर चालली आहे. घोडबंदर रस्त्यावरील घरापासून वागळे इस्टेटपर्यंतचा रोजचा प्रवास बहुतांश पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होतो. वर्षभरात ॲव्हरेज लिटरला १५ वरून १२ वर आले आहे आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. गॅरेजमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगला इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारा भाग) साफ करणारे, टाकीत ओतायचे क्लीनर आणि इंजिन फ्लशचे पैसे लावतात. आता मोठे इंजेक्टर व जास्त दाबाचा पेट्रोल पंप बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. काय करावे? — एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : मोठे इंजेक्टर आणि पंप मुळीच बसवू नयेत. क्लीनरची एक बाटली वापरून पाहायला हरकत नाही, परंतु ती सर्वांत आधी करण्याची गोष्ट नव्हे.

ॲव्हरेज घटण्याचा थोडा भाग इंधनामुळेच आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के, म्हणजे आपल्या गाडीत लिटरमागे जेमतेम एक किलोमीटर, एवढीच घट समजण्यासारखी आहे. उरलेल्या दोन किलोमीटरचे कारण गाडीतच शोधावे लागेल.

ते शोधताना आधी एअर फिल्टर, टायरमधील हवा आणि स्पार्क प्लग पाहून घ्यावेत. मेकॅनिकला प्लग काढून आपल्या हातात द्यायला सांगा. टोकाचा रंग बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. बोटाला लागेल अशी कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जळते आहे. त्यानंतर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) उघडून झडपेच्या कडेला साचलेला चिकट काळा थर पुसून घ्यावा. उभ्या गाडीची थरथर पुष्कळदा एवढ्यानेच जाते, आणि या कामाला बाटलीचा काहीच उपयोग नसतो, कारण थ्रॉटल बॉडीतून फक्त हवा जाते, पेट्रोल जात नाही.

एवढे करूनही थरथर राहिली तर क्लीनरकडे वळावे. थांबत-थांबत चालणारी गाडी बंद केली की तापलेल्या इंजेक्टरच्या टोकाशी उरलेले थेंब सुकतात आणि वार्निशसारखा पातळ थर धरतात. मग पेट्रोलचा फवारा एकसारखा उडत नाही. पॉलिइथरअमाइन हा घटक असलेले क्लीनर हा थर खरोखर विरघळवते. बाटली घेताना हे नाव लेबलवर पाहावे, सांगितलेल्या प्रमाणात ती आधी टाकीत ओतून मग टाकी पूर्ण भरावी, आणि ते पेट्रोल शक्यतो नाशिक महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर संपवावे. वर्षातून एकदा पुरते. प्रत्येक सर्व्हिसिंगला नको. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पाठीवर पडत असल्याने तेथील कार्बनही थोडा धुतला जातो. ज्या नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हपर्यंत मात्र हे औषध पोचतच नाही.

दोन टाक्या संपूनही फरक पडला नाही तर इंजेक्टर काढून यंत्रावर तपासून घ्या. चार काचेच्या नळ्यांत चार इंजेक्टरचे इंधन जमा होताना आपल्यालाच दिसते. एका नळीची पातळी खाली राहिली की दोषी इंजेक्टर सापडला.

इंजिन फ्लशला, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुण्याला, मी स्पष्ट नकार देईन. ऑइल वेळेवर बदलले असेल तर धुण्यासारखे काही नसते, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेल्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकून इंजिनचा ऑइलपुरवठाच तुटण्याची भीती असते.

आता राहिला अपग्रेडचा प्रश्न. आपल्या गाडीचा संगणक धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवरून पेट्रोलचे प्रमाण सतत जुळवून घेत असतो आणि त्याची सगळी गणिते मूळ इंजेक्टरच्या मापावर बेतलेली असतात. मोठे इंजेक्टर लावले की संगणकाचे प्रोग्रॅमिंगही बदलावे लागते. ते न केल्यास जादा पेट्रोल न जळताच पुढे जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो व खराब होतो, पीयूसीतही अडचण येते. पंपाचे म्हणाल तर पेट्रोलचा दाब किती राहील हे रेग्युलेटर ठरवतो, म्हणून दणकट पंपाने ताकद वाढत नाही. खर्च करायचाच असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील यांवर करा. गाडी ई२०साठी बनलेली नसल्यामुळे इथेनॉलने हे भाग कडक होऊन तडकू शकतात. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गाडी दाखवा.

प्रश्न : ऐरोलीत राहतो. गाडी सीएनजीवर चालते. पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून असते. पेट्रोलवर टाकली की झटके देते. क्लीनर टाकू का? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आधी जुने पेट्रोल संपवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा ओढून घेते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते अधिकच होते. यापुढे रोज चार-पाच किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी, म्हणजे इंजेक्टर सुकणार नाहीत. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. ताज्या पेट्रोलच्या एका टाकीनंतरही झटके आले तरच बाटली आणा. सीएनजी सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीखही याच निमित्ताने पाहून घ्या.